आमची बिल्डिंग कोणाची?

हॉस्टेलमध्ये माणसाला नाव नसतं, गाव असतं. आमच्या विंगमध्ये एक लातूर आहे, एक सांगली आहे, दोन चाळीसगाव आहेत (मोठं आणि छोटं) आणि मी डोंबिवली. "ए डोंबिवली, शीट झाली का?" अशी हाक आली की समजायचं, सबमिशन उद्यावर आलंय आणि जीटी मारायला कोणीतरी शीट शोधत फिरतंय.

अशाच एका सबमिशनच्या रात्री निवडणुकीचा विषय निघाला. रात्री दीड वाजता हॉस्टेलमध्ये तीनच विषय निघतात : क्रिकेट, प्लेसमेंट आणि राजकारण. (चौथाही निघतो, पण तो लिहिला तर संपादक कापतील.) लातूर म्हणाला, "तुमच्याकडं निवडणुकीत मजाच नाही राव. आमच्याकडं निकालाच्या आदल्या रात्री गाव झोपत नाही. तुमचं काय, सगळं ठरलेलं. डोंबिवलीकर कुठलं बटण दाबणार हे शेंबडं पोरगंही सांगेल."

पूर्वी मी यावर "हो रे" म्हणून हसलो असतो. त्या रात्री नाही हसलो. त्याला कारण म्हणजे एक गटाराचं झाकण. पण झाकणाकडे जायच्या आधी थोडी डोंबिवली सांगायला हवी.

गिरगाव, दादर, परळमधल्या दीड खोलीच्या संसारातून ज्यांना स्वतःचा ब्लॉक हवा होता आणि मुंबईत परवडत नव्हता, ती मंडळी साठच्या दशकापासून पुढे रेल्वेच्या रुळांवरून सरकत सरकत आमच्याकडे आली. इथले मूळचे आगरी गाववाले होतेच. मग कोकणातले आले, देशावरचे आले, दाक्षिणात्य आले, गुजराती आले. पण बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर येते ती नोकरदार, मराठी, पांढरपेशी डोंबिवली. शाखा, गणेश मंदिर, व्याख्यानमाला, आणि १९९९ पासून निघणारी गुढीपाडव्याची स्वागतयात्रा.

मतांचा इतिहासही तसाच दिसतो. आम्ही पूर्वी ठाणे लोकसभेत होतो. तिथून १९७७ आणि १९८० ला रामभाऊ म्हाळगी निवडून गेले. १९८४ ला काँग्रेस आली, पण १९८९ आणि १९९१ ला भाजपचे राम कापसे. १९९६ ला ही जागा शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे लागोपाठ चार वेळा खासदार झाले. पुनर्रचनेनंतर कल्याण हा वेगळा मतदारसंघ झाला. तिथे २००९ ला आनंद परांजपे, आणि २०१४ पासून तीन वेळा श्रीकांत शिंदे. डोंबिवली विधानसभेत २००९ पासून चारही वेळा रवींद्र चव्हाण. म्हणजे लातूरचं काही अगदीच चुकीचं नव्हतं.

पण ही बेरीज फार वरून केलेली आहे. जरा खाली उतरलं की वेगळं दिसतं. २०१० च्या महापालिका निवडणुकीत याच कल्याण-डोंबिवलीने चार वर्षांच्या मनसेला पंचवीसहून जास्त नगरसेवक दिले, आणि २०१५ मध्ये त्यांना ९ वर आणून ठेवलं. त्याच २०१५ ला सेना आणि भाजप एकमेकांविरुद्ध लढले तेव्हा ५२ आणि ४२ अशी वाटणी झाली. लोकसभेला जो माणूस 'ठरलेला' असतो, तोच महापालिकेला गल्लीतला माणूस बघून बटण दाबतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर आयुष्यभर एकच चिन्ह पाहिलं, धनुष्यबाण. २०२२ ला पक्ष फुटला, २०२३ ला चिन्ह एकीकडे गेलं, आणि २०२४ ला काका मतदानाच्या आदल्या दिवशी जिन्यात बसून बाबांना विचारत होते, "बाण बघू की माणूस बघू?" बाबांनी काय सांगितलं ते आईलासुद्धा कळलेलं नाही.

हे काका-बाबा सकाळच्या डोंबिवली लोकलला एकाच डब्यात असतात. त्यांच्या ग्रुपमध्ये कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना पाठ आहे. चौथ्या सीटवाला कोण, भजनवाला कोण, तसंच. म्हणून बिल्डिंगलाही एक शिक्का बसलेला आहे. कुठला, ते मी इथे लिहिणार नाही. मतदान गुप्त असतं!

आता झाकण.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत खोदकाम झालं. ठेकेदाराने गटाराचं झाकण काढलं आणि परत बसवायचं राहून गेलं. रस्ता पाण्याखाली होता. रात्री साडेनऊला स्टेशनवरून येताना बाबांचा पाय त्यात गेला. घोट्याचं हाड मोडलं, प्लॅस्टर, दीड महिना घरी. तीस वर्षांत ज्या माणसाने सीएसटीला पोहोचायला उशीर केला नाही, तो माणूस खिडकीत बसून इतरांना स्टेशनकडे पळताना बघत होता.

गणपतीला मी घरी गेलो तेव्हाही झाकण नव्हतंच. कोणीतरी फांदी रोवून तिला लाल फडकं बांधलं होतं. त्या वेळी नगरसेवकही नव्हते, कारण २०२० च्या अखेरीस मुदत संपल्यापासून निवडणूकच झाली नव्हती. सेक्रेटरी काका म्हणाले, "ऑफिसात अर्ज देऊन झाले. आता पक्षवाल्यांकडे जाऊ." म्हणून काका, काठी टेकत बाबा आणि मी असे तिघे निघालो.

पहिलं कार्यालय आमच्यावर ज्यांचा शिक्का आहे त्यांचं. तिथल्या माणसाने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. "काका, तुम्ही तर आपलेच. तुमचं नाही करणार तर कोणाचं करणार? फक्त थोडं थांबा. सध्या नाल्यापलीकडे काम लावलंय, तिकडे आपलं जरा टाइट आहे. तुम्ही समजून घ्याल." चहा चांगला होता.

दुसरं कार्यालय विरुद्ध बाजूचं. इथे चहा नाही. पण इथला माणूस सरळ होता. त्याने फाइलमधून एक कागद काढला. मे महिन्यातल्या लोकसभेचा मतदान केंद्रवार निकाल, आमचं केंद्र हिरव्या स्केचपेनने रंगवलेलं. "हे बघा. तुमच्या केंद्रावर आम्हाला काय पडतं ते बघा आणि तुम्हीच सांगा, तुमच्या गल्लीत वेळ घालवून मी काय करू?"

एक म्हणाला, तुम्ही आमचेच आहात म्हणून थांबा. दुसरा म्हणाला, तुम्ही आमचे नाहीत म्हणून जा. झाकण दोन्हीकडे मिळालं नाही.

आम्ही उठलो तेव्हा तो माणूस जरा नरमला असावा. म्हणाला, "काका, राग मानू नका. खरं सांगायचं तर तुम्ही त्यांचेही नाही. यादीत नावं हजाराच्या वर, आणि मतं निम्मीसुद्धा नाहीत. जे येतच नाहीत त्यांच्यासाठी कोण धावणार?"

बाबा ताठ झाले. म्हणाले, "आमच्या घरातून मतदान झालंय. मी गेलो, ही गेली. मुलगा तेवढा बाहेरगावी होता, त्याची परीक्षा होती."

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. २० मे २०२४ ला सोमवार होता. शनिवार, रविवार, सोमवार. माझी प्रॅक्टिकल २३ तारखेला होती. घरी मी फोनवर "परीक्षा आहे" एवढंच सांगितलं आणि तीन दिवस आमची गँग समुद्रावर होती. बोटावर शाई लावलेले फोटो काढणाऱ्यांची आम्ही तिथे बसून टिंगलही केली होती. माझं पहिलं मत होतं ते. त्या कार्यालयात बाबा काठीवर भार देऊन माझी बाजू मांडत होते, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

हॉस्टेलला परतल्यावर मी लातूरला सगळं सांगितलं (समुद्राचं त्याला माहीतच होतं, गँगमध्ये तोही होता). त्याला त्या हिरव्या स्केचपेनचंच कुतूहल. आम्ही शोधलं तर कळलं, तो काही गुप्त कागद नाही. त्याला 'नमुना २०' म्हणतात. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली याचा तक्ता, निवडणूक यंत्रणाच तो जाहीर करते. आम्ही आमचं केंद्र एक्सेलमध्ये टाकलं.

दोन गोष्टी दिसल्या. एक, ज्या आमच्या भागाला सगळे 'ठरलेला' म्हणतात, तिथे पडलेल्या दर तीन मतांतलं जवळजवळ एक मत दुसरीकडे गेलेलं होतं. दोन, सगळ्यात मोठा पक्ष कुठलाच नव्हता. निम्म्याहून थोडे जास्त लोक आलेच नव्हते. आणि हे काही फक्त आमच्या केंद्राचं नाही. कल्याण मतदारसंघात २०१४ ला सुमारे ४३ टक्के, २०१९ ला सुमारे ४५ टक्के आणि २०२४ ला सुमारे ५० टक्के मतदान झालं. तिन्ही वेळा सगळ्या महाराष्ट्राचा आकडा साठीच्या आसपास होता.

पहिली गोष्ट कळल्यावर मी काय केलं असेल? हिशोब सुरू केला. ते 'दुसरीकडचे' कोण? बी विंगमधले असणार. नाहीतर तळमजल्यावरचे, ते परवा काहीतरी बोलत होते. लातूर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आता तू बी स्केचपेन घे की हातात!"

तेव्हा जरा चपराक बसली. कोणाचं मत कुठे गेलं हे शोधायचंच नसतं, म्हणून तर पडदा लावतात. पण माणसाचं मत गुप्त आणि गल्लीचं उघडं, असं झालंय. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. २००४ च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्राचा आकडा सुटा मिळू लागला. यावर उपायही निघालेला आहे, आणि तो चक्क आपल्या लायनीतला आहे. 'टोटलायझर' नावाचं उपकरण. एकाच वेळी १४ यंत्रं जोडायची आणि एकत्रित बेरीजच तेवढी बाहेर काढायची. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये त्याची शिफारस केली. २०१५ मध्ये विधी आयोगानेही अहवालात पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र ते मान्य केलं नाही. म्हणजे सर्किट तयार आहे, सिग्नल द्यायला कोणी नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. केंद्रवार आकडे असले की गडबड पकडता येते, कार्यकर्त्यांना पडताळा घेता येतो, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्या गल्लीला तो कागद आतापर्यंत एकदाच उपयोगी पडला, आणि तोही झाकण नाकारण्यासाठी.

टोटलायझर काही माझ्या हातात नव्हता. न आलेले निम्मे मात्र होते, निदान आमच्या बिल्डिंगपुरते. त्यात मी स्वतः एक. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी सेक्रेटरी काकांबरोबर मतदार यादी घेऊन बसलो. मनात एकच होतं, लोक आळशी आहेत. सुट्टी मिळाली की लोणावळा. (बोलणारा मी!)

यादी वाचायला लागलो आणि आवाज हळूहळू खाली आला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी यादीत होत्या, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. दोन मुली लग्न होऊन पुण्याला गेलेल्या, नावं इथेच. एक अख्खं कुटुंब घर विकून बदलापूरला गेलं होतं, पाचही नावं आमच्याकडे. त्यांच्या जागी भाड्याने आलेल्यांची नावं अजून साताऱ्याला. एका घरात नवऱ्याचं नाव एका शाळेत आणि बायकोचं दुसऱ्या शाळेत, मधे रेल्वे. म्हणजे 'न आलेल्यांत' बरेच जण असे होते की जे येऊच शकत नव्हते. यादीतली आमची बिल्डिंग आणि जिन्यात भेटणारी आमची बिल्डिंग या दोन वेगळ्या बिल्डिंगी होत्या.

मग उरले खरेखुरे न आलेले. त्यांना विचारलं. एका काकूंचं उत्तर मला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "अरे, आपलं ठरलेलंच असतं ना? आपण गेलो काय, नाही गेलो काय, निवडून तेच येणार." याच काकू एरवी रोज गच्चीवर राजकारणावर तासभर बोलतात. मला तेव्हा कळलं की शेंबडं पोरगं काय सांगतं ते आम्हीही ऐकलंय आणि आम्हीही त्यावर विश्वास ठेवलाय. कल सगळ्यांना माहीत, मग मत द्यायला उन्हात कशाला जायचं? आपला कल म्हणजेच आपलं मत, असं आमच्याकडे अर्ध्या लोकांना वाटतं. कार्यालयातल्या त्या दोघांनी तेच तर आमच्या तोंडावर सांगितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा आली. शहरी लोक सुट्टीला जोडून पळतात म्हणून आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, २० नोव्हेंबर. काही मोठ्या गृहसंकुलांत मतदान केंद्रंही ठेवली. राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, आमच्याकडेही रांग होती. मी आदल्या रात्री एसटीने निघालो. सकाळी बाबांबरोबर केंद्रावर गेलो. रांगेत मी त्यांना मे महिन्याचं खरं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. दोन माणसं पुढे सरकल्यावर म्हणाले, "मला वाटलंच होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू कधी फोन उचलतोस?" मग पुन्हा थोड्या वेळाने, "तिथे जे बोललो ते काही तुझ्यासाठी नव्हतं. समोरच्याला घर पूर्ण आहे हे दिसायला पाहिजे होतं." मला अजूनही त्या वाक्याचं काय करायचं ते कळलेलं नाही.

आणि झाकण? ते ऑक्टोबरमध्येच बसलं होतं. सोसायटीने वर्गणी काढली आणि सेक्रेटरी काकांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलं. डिसेंबरमध्ये गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागला, 'यांच्या अथक प्रयत्नांतून'. कोणाचे फोटो होते ते सांगत नाही. बाबांनी काठीने बॅनरकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "यांनी वर्गणी कधी दिली?"

यंदा १५ जानेवारीला अखेर महापालिकेची निवडणूक झाली. मागची झाली तेव्हा मी शाळेत पाचवी-सहावीत होतो, म्हणजे बघा! कल्याण-डोंबिवलीत काही जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. तिथल्या लोकांना बटण दाबायची संधीच मिळाली नाही. आमच्याकडे चार बटणं दाबायची होती. प्रचाराला दोन्ही बाजूंचे लोक आले. आई आणि गच्चीवरच्या काकूंनी दोघांनाही दारात उभं करून एकच प्रश्न विचारला, "आमच्या केंद्राचा कागद आणलाय का?" एकाला कळलंच नाही. दुसरा हसला आणि खाली बघत राहिला. त्या दिवशी काकू मत देऊन आल्या. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, आणि केंद्रवार आकडेही मी अजून पाहिलेले नाहीत.

आता थोडं आपलं. निवडणुकीला आपल्या मेसच्या मामांनी दोन दिवस सुट्टी घेतली की आपण पावभाजीवर निभावतो आणि त्यांना शिव्या घालतो. मामा लाल डब्यातून सहा तास उभं राहून गावाला मत द्यायला जातात. आपण चारशे जण हॉस्टेलमध्ये असतो, अठरा पूर्ण झालेले, बहुतेकांची नावं एकतर नाहीत किंवा दूर कुठल्यातरी गावच्या यादीत आहेत. विद्यार्थ्यांना पोस्टाने मत देता येत नाही. पण हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. नमुना ६ भरायचा आणि सोबत कॉलेजचा दाखला जोडायचा. घरचं नाव असेल तर ते इथे हलवायचं, दोन्हीकडे ठेवायचं नाही. नोंदणीसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे "माझा वाढदिवस फेब्रुवारीत" हे कारणही चालत नाही. रेक्टर सरांना विचारलं, ते म्हणाले, "दाखल्यावर सही करायला मी तयार आहे, येतंय कोण?" हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

मी स्वतः माझं नाव डोंबिवलीतच ठेवलंय. यादीत आमच्या घराची तीन नावं एकाखाली एक आहेत, ती तशीच राहू देत असं वाटतं.

परवा पुन्हा सबमिशन होतं. लातूर शीट घ्यायला आला. म्हणाला, "काय डोंबिवली, तुमचं ठरलेलंच ना?"

म्हटलं, "आधी लातूरची यादी काढ. तुझं नाव आहे का बघू."

नव्हतं! नमुना ६ मीच भरून दिला. शीट मात्र त्याने माझीच जीटी मारली.

— अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन